क जीवनसत्त्व: गोळीतले वेगळे, सलाईनमधले वेगळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याच्या ६१ वर्षांच्या आईंना स्वादुपिंडाचा कर्करोग असून केमोथेरपीची दोन आवर्तने झाली आहेत. त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांनी घरात चालू असलेल्या व्हिटॅमिन सी आणि ईच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, कारण ‘अँटिऑक्सिडंटमुळे केमोला अडथळा होऊ शकतो’. त्याच आठवड्यात ओळखीतून कळलेल्या एका दवाखान्याने आठवड्यातून दोनदा २५ ग्रॅम व्हिटॅमिन सी सलाईनमधून देण्याचा आग्रह धरला, कारण ‘मोठ्या मात्रेत ते गाठीला मारते’. एकच औषध गाठीला वाचवते आणि मारतेही, हे कसे, आणि यातले कुणाचे ऐकायचे?

आधी निर्णयापुरते सांगतो. गोळ्या बंद करण्याचा सल्ला योग्य आहे, तो पाळा. त्या दवाखान्यातले सलाईन घेऊ नका. मात्र सलाईनमागची कल्पना थोतांड आहे असे मी म्हणणार नाही, कारण तसे म्हणणे खोटे ठरेल. ज्या आजाराविषयी आपण विचारत आहात, नेमक्या त्याच आजारात या कल्पनेवर चांगल्या संस्थांमध्ये गंभीर काम चालले आहे. मी गेली बावीस वर्षे केमोथेरपी देतो आहे आणि हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. त्याला एका वाक्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून नातेवाइकांना परत पाठवले, तर ते शेवटी त्या दवाखान्यातच जातात, हे मी पाहिले आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आपण एखाद्या पदार्थाच्या स्वभावासारखा वापरतो, जणू मीठ खारट तसे व्हिटॅमिन सी अँटिऑक्सिडंट. प्रत्यक्षात क जीवनसत्त्वाला एकच गोष्ट फार चांगली जमते, आणि ती म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन टाकणे. तो इलेक्ट्रॉन कुणाच्या हाती पडतो, यावर पुढचा सगळा परिणाम ठरतो. कापलेल्या सफरचंदावर लिंबू पिळले की फोडी काळ्या पडत नाहीत, कारण तिथे इलेक्ट्रॉन मिळाल्याने ऑक्सिडीकरण थांबते. आता दुसरी तितकीच घरगुती गोष्ट घ्या. पालकाच्या भाजीवर लिंबू पिळून खा म्हणजे लोह अंगी लागते, असे आपण गरोदर बाईला सांगतो. तिथेही काम इलेक्ट्रॉनचेच आहे. भाजीतले फेरिक लोह तो घेते, फेरस होते आणि आतड्यातून शोषले जाते. पण हेच फेरस लोह शरीरात मोकळे फिरत असेल आणि शेजारी ऑक्सिजन असेल, तर ते मिळालेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन टाकते. त्यातून आधी सुपरऑक्साइड आणि त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. रिकाम्या झालेल्या लोहाला क जीवनसत्त्व पुन्हा इलेक्ट्रॉन देते आणि हे चक्र फिरत राहते. पुढे फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल निर्माण होतो. ही अभिक्रिया ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णन केली होती. हायड्रॉक्सिल रॅडिकल जिथे जन्मतो तिथेच, समोर येईल त्या डीएनएवर, प्रथिनावर किंवा पेशीच्या पडद्यावर तुटून पडतो. क जीवनसत्त्वाला ‘प्रो-ऑक्सिडंट’ म्हणतात ते या अर्थाने. त्याचा स्वभाव बदललेला नसतो. मात्रा आणि भोवतालची परिस्थिती बदललेली असते.

मग हे पेरॉक्साइड निरोगी पेशींना का मारत नाही? गुडघा फुटला की पूर्वी दवाखान्यात जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतत आणि पांढरा फेस येई, तो आपण पाहिला असेल. तो फेस म्हणजे कॅटलेज या विकराचे (एन्झाइमचे) काम. कॅटलेज पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन असे तुकडे करते आणि त्या ऑक्सिजनचे बुडबुडे दिसतात. आपल्या तांबड्या पेशींमध्ये आणि बहुतेक निरोगी ऊतींमध्ये ही व्यवस्था भक्कम असते, त्यामुळे रक्तात पेरॉक्साइड साचू शकत नाही. अनेक कर्कपेशींमध्ये मात्र कॅटलेज कमी असते आणि मोकळे लोह जास्त असते, कारण भराभर वाढणाऱ्या पेशीला लोहाची भूक मोठी असते. म्हणून रक्ताबाहेर, पेशींच्या भोवतीच्या द्रवात पेरॉक्साइड तयार झाले, तर निरोगी पेशी ते निस्तरते आणि कर्कपेशीला ते झेपत नाही. या संशोधनाचा सगळा डोलारा या फरकावर उभा आहे.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क लेव्हिन यांच्या गटाने २००५ मध्ये हे काचेच्या बशीत दाखवले. काही प्रकारच्या कर्कपेशींपैकी निम्म्या पेशी ४ मिलिमोलपेक्षाही (मिलिमोल हे लिटरभर द्रवात किती पदार्थ आहे याचे माप) कमी मात्रेला मेल्या, तर सामान्य पेशींना २० मिलिमोलपर्यंत काही झाले नाही. त्या प्रयोगातला मला सर्वांत पटलेला भाग वेगळाच आहे. त्याच बशीत त्यांनी बाहेरून कॅटलेज घातले, आणि मरण थांबले. म्हणजे मारणारे क जीवनसत्त्व नव्हते, त्याने तयार केलेले पेरॉक्साइड होते. पुढे उंदरांमध्ये शिरेतून मोठी मात्रा दिल्यावर ऊतींमधील द्रवात पेरॉक्साइड तयार होते आणि रक्तात होत नाही, हेही याच गटाने दाखवले.

आता गोळी आणि सलाईन यांतला फरक. ४ मिलिमोल म्हणजे ४,००० मायक्रोमोल. आवळा, पेरू, लिंबू भरपूर खाणाऱ्या माणसाच्या रक्तात क जीवनसत्त्व साधारण ७० ते ८० मायक्रोमोल प्रति लिटर असते. त्यापुढे कितीही गोळ्या घेतल्या तरी आतडे शोषण आवरते घेते आणि मूत्रपिंडे जादा माल लघवीवाटे बाहेर टाकतात. लेव्हिन यांच्याच गटाने २००४ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, दर चार तासांनी ३ ग्रॅम इतकी सहन होईल तेवढी कमाल मात्रा तोंडाने घेतली, तरी पातळी २२० मायक्रोमोलच्या आसपास अडकते. शिरेतून ५० ग्रॅम दिल्यावर ती १३,००० मायक्रोमोलच्या पुढे जाते. गोळीने कर्कपेशी मारण्याइतके पेरॉक्साइड बनणे शक्य नाही. गोळीतून जे मिळते ते फार तर अँटिऑक्सिडंटचेच काम करते. व्यवहारापुरती ही दोन निरनिराळी औषधे आहेत असे समजा, म्हणजे आपल्याला मिळालेल्या दोन सल्ल्यांमधला विरोध बराचसा विरघळून जाईल.

हा फरक न कळल्याने पंचवीस वर्षे वाया गेली, याचे मला आजही वाईट वाटते. स्कॉटलंडमधील शल्यविशारद इवान कॅमेरॉन आणि दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी लायनस पॉलिंग यांनी १९७६ मध्ये शेवटच्या अवस्थेतील १०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांना दिवसाला साधारण १० ग्रॅम क जीवनसत्त्व दिले होते, सुरुवातीला शिरेतून आणि नंतर तोंडाने. जुन्या नोंदींतून निवडलेल्या १,००० रुग्णांपेक्षा ते चौपटीहून अधिक काळ जगले, असा त्यांचा दावा होता. जुन्या कागदांशी तुलना करून काढलेला निष्कर्ष भरवशाचा नसतो, म्हणून अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाने १९७९ आणि १९८५ मध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची वाटणी करून दोन चाचण्या घेतल्या आणि दोन्हींत काहीही फायदा दिसला नाही. विषय तिथेच मिटला. पण मेयोच्या चाचण्यांत सगळे औषध तोंडाने दिले होते, आणि त्या काळी या दोन मार्गांतले अंतर कुणी मोजलेच नव्हते. कॅमेरॉन आणि पॉलिंग यांचा दावा यामुळे खरा ठरत नाही. पण मेयोच्या चाचण्यांनी शिरेवाटे देण्याच्या प्रश्नाला स्पर्शच केला नव्हता, एवढे मात्र खरे.

माणसांमधला पुरावा आज कुठे आहे? आयोवा विद्यापीठाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी आपल्या आईंच्याच आजारावर आहे. दूरवर पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ३४ रुग्णांपैकी निम्म्यांना जेमसिटाबीन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही नेहमीची केमोथेरपी दिली, उरलेल्यांना तीच केमोथेरपी आणि सोबत आठवड्यातून तीनदा शिरेतून ७५ ग्रॅम क जीवनसत्त्व. मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगतात तो काळ, ८.३ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेले. या आजारात असा आकडा वाचला की माझ्यासारख्या माणसाच्याही अंगावर काटा येतो, कारण आम्ही इथे आठवड्यांसाठी झगडतो. तरीही ३४ म्हणजे ३४. इतक्या छोट्या चाचणीत दोन्ही गटांत मुळात थोडे बरे किंवा थोडे जास्त आजारी रुग्ण पडले, तरी आकडा हलतो. शिवाय कुणाला काय मिळते आहे हे सर्वांना ठाऊक होते.

त्याच्या शेजारी चीनमधली २०२२ ची चाचणी ठेवून पाहा. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगाचे ४४२ रुग्ण, केमोच्या प्रत्येक आवर्तनात तीन दिवस दर किलो वजनामागे दीड ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ९० ग्रॅम. आजार आटोक्यात राहण्याचा काळ एका गटात ८.६ महिने, दुसऱ्यात ८.३. याला फरक म्हणत नाहीत. फक्त ज्यांच्या गाठीत रास या जनुकात बदल होता, त्यांच्यात तो ९.२ विरुद्ध ७.८ महिने निघाला. यामागे एक तर्कशुद्ध दुवा आहे. केरास (रास जनुकांपैकीच एक) किंवा ब्राफ जनुक बदललेल्या आतड्याच्या कर्कपेशी क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकृत रूप ग्लुकोजच्याच दारातून भरभरून आत घेतात, आत त्याचे पुन्हा मूळ रूप करताना त्यांचा ग्लुटाथायोनचा, म्हणजे पेशीच्या स्वतःच्या अँटिऑक्सिडंटचा, साठा संपतो आणि साखर जाळण्याची साखळी मधेच तुटते, हे २०१५ मध्ये प्रयोगशाळेत दिसले होते. स्वादुपिंडाच्या बहुसंख्य कर्करोगांत केरास बदललेलेच असते, म्हणून आयोवाच्या निकालाला मी योगायोग म्हणून झटकत नाही. पण एकूण चाचणीत फरक न दिसता फक्त एका उपगटात दिसलेला फायदा हा पुढच्या चाचणीचा विषय असतो, उपचाराचा आधार नसतो. पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगात डेन्मार्कमध्ये एका छोट्या गटाला आठवड्यातून एकदा ६० ग्रॅम देऊन पाहिले होते, तिथे काहीच साधले नाही.

आपल्याला सुचवलेले २५ ग्रॅम आठवड्यातून दोनदा, हे यांपैकी कुठल्याच चाचणीतले नाही. आयोवात आठवड्याला २२५ ग्रॅम दिले जात होते, इथे ५० ग्रॅम. त्या चाचणीचा आकडा दाखवून ही मात्रा विकणे मला मान्य नाही.

आता गोळ्यांकडे येतो, कारण तिथला पुरावा अधिक स्पष्ट आहे आणि आपल्याकडे त्याची गरज जास्त आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे जे रुग्ण तंबाखूमुळे आपल्या राज्यात येतात, त्यांपैकी अनेकांना शेक (किरणोपचार) द्यावा लागतो, आणि तोंड सोलून निघाले की घरची माणसे व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल घेऊन येतात. किरणोपचारात गाठीचे होणारे बरेचसे नुकसान पाण्यापासून तयार झालेल्या त्याच हायड्रॉक्सिल रॅडिकलमुळे होते. कॅनडातील क्वेबेकमध्ये डोके-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर हाच प्रयोग रीतसर झाला. व्हिटॅमिन ई आणि सुरुवातीला सोबत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांचे तोंड कमी सोलले गेले, हे खरे. पण गाठ परत येण्याचा कल त्यांच्यात अधिक दिसला आणि पुढे मृत्यूही अधिक झाले. शेक चालू असतानाही धूम्रपान न सोडलेल्यांना सर्वाधिक फटका बसला. तोंडाला मिळालेले संरक्षण गाठीलाही मिळाले होते.

बीटा-कॅरोटीनची कथा तर याहून कठोर आहे. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना फुफ्फुसाच्या कर्करोगापासून वाचवण्यासाठी ते दिले गेले, आणि १९९४ मध्ये उघड झाले की घेणाऱ्यांमध्ये कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतील तशाच चाचणीत तो २८ टक्क्यांनी वाढला आणि ती चाचणी मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. यामागचे प्रमुख स्पष्टीकरण असे, की धुराने भरलेल्या, ऑक्सिजनने समृद्ध फुफ्फुसात बीटा-कॅरोटीन तुटते आणि त्याचे तुकडे प्रो-ऑक्सिडंट होऊन निरोगी पेशींनाच डागतात. म्हणजे जो गुण आपण गाठीविरुद्ध वापरू पाहतो, तोच भलत्या जागी, भलत्या माणसात प्रकटला. जेवणातल्या गाजर, पेरू किंवा आवळ्याची भीती यातून घेऊ नका. आईंना जे रुचेल ते फळ खाऊ द्या, त्या मात्रेचा या चर्चेशी संबंध नाही.

के-३ जीवनसत्त्व, म्हणजे मेनाडिओन, याचाही उल्लेख करायला हवा, कारण त्या दवाखान्याच्या पत्रकात ‘सी अधिक के’ असे लिहिले असल्याचे आपण कळवले आहे. मेनाडिओन हे क्विनोन जातीचे रसायन आहे आणि ते लोहाच्या मदतीशिवायही ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन पोहोचवत राहते. न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने २०२४ मध्ये उंदरांमधील पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग त्याने मंदावल्याचे प्रसिद्ध केले. काम देखणे आहे, पण उंदरांवरचे आहे. माणसांत हेच मेनाडिओन एके काळी नवजात बाळांना दिले जाई, आणि त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ लागल्यावर ते बंद करावे लागले. जाता जाता, आपल्या चित्रकाच्या मुळातले प्लंबॅजिन रासायनिक रचनेने मेनाडिओनचे अगदी जवळचे भावंड आहे. म्हणून केमो चालू असताना चित्रक असलेले काढे कुणी दिले, तर तेही मला कळायला हवे असते.

क जीवनसत्त्वाच्या सलाईनचे धोके पत्रकात नसतात. सर्वांत तातडीचा धोका जी-सिक्स-पीडी या विकराच्या कमतरतेचा. तांबडी पेशी पेरॉक्साइडशी लढते ती याच विकराच्या जिवावर. तो जन्मतःच कमी असलेल्या माणसाला मोठी मात्रा दिली तर तांबड्या पेशी काही तासांत फुटू शकतात. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता ठळक आढळते, पण ती कुणातही असू शकते, म्हणून तपासणीशिवाय पहिली बाटलीही लावू नये. दुसरा धोका मूत्रपिंडांचा. क जीवनसत्त्वाचे ऑक्झलेट होते आणि ते नलिकांमध्ये बसते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेले असेल तर हा विषय तिथेच संपतो. वारंवार रक्त चढवलेल्या, अंगात लोह साचलेल्या रुग्णांत तर आपण चुलीत रॉकेल ओतण्यासारखे करतो.

तिसरा धोका साखरेच्या मापनाचा, आणि स्वादुपिंडाच्या रुग्णांत मधुमेह नेहमीचाच असतो, म्हणून मुद्दाम सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णाने मला न सांगता बाहेर असे सलाईन घेतले. दुपारी घरी आल्यावर मुलाने बोटातून थेंब काढून ग्लुकोमीटरवर पाहिले, तर साखर ४७०. घाबरून त्याने इन्सुलिन दिले, तासाभराने पुन्हा पाहिले तर आकडा चारशेच्या वरच, म्हणून पुन्हा दिले. संध्याकाळी ते आमच्याकडे आले तेव्हा घामाने सदरा चिंब होता आणि नाव विचारले तर उत्तर येत नव्हते. प्रयोगशाळेत पाठवलेल्या रक्तात साखर ३८ निघाली. ग्लुकोमीटरच्या अनेक पट्ट्या ग्लुकोजपासून मिळणारे इलेक्ट्रॉन मोजतात, आणि क जीवनसत्त्वही इलेक्ट्रॉनच देते. पट्टीला दोन्ही सारखेच. ते बचावले, पण मुलाचा थरथरता हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याची काहीच चूक नव्हती. त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

आपण पुढच्या आवर्तनाला जाल तेव्हा तीन गोष्टी सोबत न्या. आईंना आजवर दिलेल्या प्रत्येक गोळीची, काढ्याची आणि चूर्णाची रिकामी पाकिटे, त्या दवाखान्याचे पत्रक, आणि गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा कागद. कर्करोगतज्ज्ञांना थेट विचारा की केरासची तपासणी झाली आहे का, आणि शिरेतील क जीवनसत्त्वाची नोंदणीकृत चाचणी आपल्याला पोहोचता येईल अशा ठिकाणी चालू आहे का. भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते आणि ती कुणालाही पाहता येते. अशा चाचणीत औषध फुकट मिळते, जी-सिक्स-पीडी आणि क्रिएटिनिन आधी तपासले जाते आणि काही बिघडले तर त्याची जबाबदारी कुणावर तरी असते. यांपैकी एकही गोष्ट नसताना प्रत्येक बाटलीमागे हजारो रुपये मागितले जात असतील, तर तो पैसा आईंच्या प्रथिनयुक्त आहारासाठी, स्वादुपिंडाच्या विकरांच्या कॅप्सूलसाठी आणि वेदनेच्या औषधांसाठी राखून ठेवा. विकरांच्या कॅप्सूल सुरू आहेत का, हेही त्याच भेटीत विचारा. खाल्लेले अंगी न लागल्याने होणारी वजनाची घट या आजारात अनेकदा त्यांच्यामुळे सावरते.